घरच्या टँकमध्ये माशांचा संसार : ऑरेंज क्रोमाइडची जोडी आणि तिची पिल्लं



'मासे अंडी घालतात' हे वाक्य आपल्या मुलांना प्राथमिक शाळेपासून पाठ असतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न एखादंच मूल विचारतं. अंडी घातल्यावर मासा काय करतो? निघून जातो की थांबतो? पिल्लांना कोण सांभाळतं?

बहुतेक मासे निघून जातात, हे खरं आहे. रोहू, कटला हे आपल्या बाजारातले मासे लाखांच्या संख्येने अंडी सोडतात आणि पुढचं सगळं नशिबावर असतं. घरोघरी काचेच्या बरणीत असणारा गप्पी तर पिल्लांना जन्म देतो आणि समोर आलं तर तेच पिल्लू गिळतो. त्यामुळे 'माशांना माया नसते' असं मुलं सहज म्हणून जातात.

पण सिक्लिड नावाचं माशांचं एक मोठं कुळ आहे. त्यातल्या बऱ्याच जातींत अंड्यांची आणि पिल्लांची राखण केली जाते. काही जातींत एकटी आई करते, तर काहींत आई-बाबा दोघं मिळून करतात. दुकानातला एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे सगळे सिक्लिडच. उजनीच्या धरणातली प्रसिद्ध चिलापी, म्हणजे तिलापिया, तीसुद्धा सिक्लिडच. हे कूळ मुख्यतः आफ्रिका आणि अमेरिका खंडातलं. भारतात मूळच्या अशा फक्त तीन जाती आहेत. त्यातली सगळ्यात छोटी म्हणजे ऑरेंज क्रोमाइड. आज तिच्याबद्दल बोलूया. हा मासा घरच्या किंवा शाळेच्या टँकमध्ये जोडी जमवून पिल्लं वाढवू शकतो, आणि ते सगळं काचेबाहेरून दिसतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करू. या उपक्रमात पिल्लं सांभाळायचं काम आपलं नाही, ते माशांचं आहे. आपलं काम पाणी सांभाळायचं. हे दोन्ही ज्याला वेगळं ठेवता आलं, त्याच्या टँकमध्ये पिल्लं वाढतात.

ओळख आपल्या माशाची

ऑरेंज क्रोमाइडचं शास्त्रीय नाव स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस. 'मॅक्युलेटस' म्हणजे ठिपकेवाला. केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. केरळ, किनारी कर्नाटक, तमिळनाडू आणि श्रीलंका इथल्या खाड्या, खाजणं, नद्यांची मुखं अशा ठिकाणी तो राहतो. म्हणजे जिथे गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळतं तिथे. आपल्याकडे अशा पाण्याला मचूळ पाणी म्हणतात.

मासा जेमतेम ८ सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातात मावणारा. अंग बाजूंनी चपटं आणि गोलसर, रंग पिवळसर-नारिंगी, अंगावर बारीक तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कुशीवर मोठा काळा ठिपका. दुकानात बरेचदा पूर्ण नारिंगी, डाग नसलेली जात मिळते. ती दिसायला सुंदर असते, पण मुलांना रंगातले बदल दाखवायचे असतील तर मूळची ठिपकेवाली जातच घ्या.

याचा मोठा भाऊ म्हणजे केरळचा करीमीन. गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात आणि तो आवडीने खाल्ला जातो. २०१० साली केरळने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केलं. निसर्गात हे दोघं एकाच पाण्यात राहतात आणि छोटा ऑरेंज क्रोमाइड मोठ्या भावाच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. तिसरा भाऊ कर्नाटकातल्या नद्यांत सापडतो. या तिघांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, ते थेट मादागास्कर बेटावर आहेत! भूगोलात भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते हे शिकवताना हा मासा जरूर आठवा.

जोडी आणण्याआधी एक प्रश्न

पहिल्यांदा पाणी नाही, टँक नाही, हा प्रश्न सोडवा: पिल्लांचं काय करणार?

एका वेळी दोनशेपर्यंत अंडी पडू शकतात. सगळी जगत नाहीत, पण पन्नास-साठ पिल्लं मोठी होणं अगदी शक्य आहे. आणि जोडी एकदा रुळली की काही आठवड्यांनी पुन्हा अंडी घालते. तीन फुटी टँकमध्ये साठ मोठे मासे राहू शकत नाहीत. म्हणून आधीच ठरवा. मत्स्यालयाचं दुकान घेईल का, हे विचारून ठेवा. ओळखीच्या कुणाकडे किंवा दुसऱ्या शाळेत तयार टँक आहे का, ते पाहा.

आणि एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा. जास्तीचे मासे नदीत, तलावात, विहिरीत सोडायचे नाहीत. 'बिचाऱ्यांना मोकळं केलं' असं आपल्याला वाटतं, पण त्याने नुकसान होतं. चिलापीचंच उदाहरण घ्या. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. हेतू चांगला होता, लोकांना स्वस्त मासा मिळावा. पण ती जिथे गेली तिथे भराभर वाढली आणि बऱ्याच जलाशयांत स्थानिक माशांच्या वाट्याचं अन्न आणि जागा तिने घेतली. आता ती परत काढता येत नाही. आपला ऑरेंज क्रोमाइड भारतीय असला तरी गोदावरी-भीमेच्या पाण्यातला नाही. शिवाय टँकमधले रोगही त्याच्याबरोबर बाहेर जातात. तेव्हा पिल्लांची सोय करता येत नसेल तर मासे पाळा, पण पिल्लं वाढवू नका. इतर माशांबरोबर ठेवले आणि अंड्यांकडे लक्ष दिलं नाही तर ती बहुधा खाल्ली जातात, संख्या वाढत नाही.

टँकची तयारी

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टँक चांगला. मुलांना आधी गणित करायला द्या. ३ × १.२५ × १.२५ म्हणजे सुमारे ४.७ घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण १३३ लिटर पाणी! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यात काच, वाळू, दगड. दीडशे किलोच्या पुढे वजन जातं. आता मुलंच सांगतील की हा टँक डुगडुगत्या टेबलावर ठेवायचा नाही.

आत काय काय लागेल?

- तळाला बारीक, धुतलेली वाळू, दोन-तीन इंच. मासे त्यात खड्डे करतात, म्हणून टोकदार खडी नको.
- दोन-तीन सपाट दगड, एक मातीची छोटी कुंडी आडवी किंवा उलटी, मंगलोरी कौलाचा तुकडा. अंडी यावरच पडतील.
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप. जोराने पाणी ओढणारा फिल्टर पिल्लांनाही ओढतो, म्हणून स्पंजच बरा.
- थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट असलेला हीटर. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस हवं. नाशिक-नागपूरच्या हिवाळ्यात हीटरशिवाय जमणार नाही. उन्हाळ्यात उलट काळजी. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून हवा चालू हवी.
- जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप.
- झाकण. हे मासे घाबरले की उडी मारतात.

विजेची सूचना मुलांना आणि मोठ्यांनाही: पाण्यात हात घालण्याआधी हीटरचा स्विच बंद, प्लग बाहेर. वायर प्लगकडे जाताना मध्ये थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली गळून पडेल.

पाणी : खरा अभ्यास इथेच

नव्या टँकमध्ये त्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्यात मेले, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष माशांचा नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक. हे जिवाणू वाळूत आणि स्पंजमध्ये वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये माशांच्या खाद्याची रोज चिमूटभर भर टाकत राहा आणि टेस्ट किटने तपासत राहा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. जुन्या, निरोगी टँकमधला स्पंज मिळाला तर वेळ बराच वाचतो. विज्ञानाच्या पुस्तकातलं नायट्रोजनचक्र ते हेच.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माशांना आणि या जिवाणूंनाही मारतं. पाणी रुंद भांड्यात चोवीस तास उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन थेंब घाला. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका. टँकचंच पाणी बादलीत काढून त्यात पिळा.

ऑरेंज क्रोमाइडला दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस न होणारं जड पाणी मानवतं. आपल्याकडे बोअरचं पाणी बरेच ठिकाणी असंच असतं. आपण त्याला नावं ठेवतो, पण या माशाला ते चालतं. सामू, म्हणजे पीएच, साडेसात ते आठच्या आसपास असावा.

आता मिठाबद्दल. हा मासा गोड्या पाण्यातही राहतो, पण थोडं मीठ असलं तर तब्येत चांगली राहते आणि अंड्यांवर बुरशीही कमी येते. लिटरला १ ते २ ग्रॅम पुरे. तुलनेसाठी सांगतो, समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री टँकसाठीचं मीठ मिळालं तर उत्तम, नाहीतर आयोडीन नसलेलं खडा मीठ. मीठ थेट टँकमध्ये टाकायचं नाही, आधी बादलीत विरघळवायचं आणि आठवडाभरात थोडं थोडं वाढवायचं.

इथे मुलांना एक छान कोडं घाला. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी दोन इंच कमी झालं. भर घालताना खारं पाणी घालायचं की साधं? बरीच मुलं 'खारं' म्हणतात. पण वाफ होऊन गेलं ते फक्त पाणी, मीठ आतच राहिलं. म्हणून भर साध्या पाण्याची. जुनं पाणी काढून बदलतो तेव्हा मात्र तेवढ्याच खारटपणाचं नवं पाणी घालायचं. बाष्पीभवनाचा धडा यापेक्षा सोपा कुठे मिळेल?

जोडी आपण लावायची नाही

नर कोणता आणि मादी कोणती, हे या माशात बघून सांगणं फार कठीण आहे. दुकानदार 'पक्की जोडी' म्हणून देतो ती दोन बहिणीही असू शकतात! म्हणून सरळ उपाय: सहा लहान मासे एकत्र आणा आणि वाढू द्या. सहा-आठ महिन्यांत त्यांच्यातले दोघं आपापसात जमतात. हे ओळखायचं कसं?

- दोन मासे कायम जवळजवळ फिरतात.
- टँकचा एक कोपरा अडवून बसतात आणि इतरांना हुसकावतात.
- पोट आणि पोटाखालचे पर काळे पडू लागतात, बाकी रंग उजळतो.
- दोघं मिळून एखादा दगड तोंडाने घासू लागतात.

अशी जोडी दिसली की बाकीच्या चौघांना दुसऱ्या टँकमध्ये हलवा. जोडीला हलवू नका, त्यांची जागा मोडते. अंडी घालायच्या आधी दोघांच्या पोटाखाली छोटी नळी दिसू लागते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. नर-मादी नक्की कळतात ते तेव्हाच.

या काळात खाणं चांगलं हवं. दाणेदार खाद्य, गोठवलेले ब्लडवर्म, डाफ्निया, आणि कधी उकडलेल्या मटाराचा गर. गटारातले जिवंत किडे नकोत, त्यांच्याबरोबर रोग येतात. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव टँक पाणी बदला. बरेचदा पाणी बदलल्यानंतरच जोडी कामाला लागते.

अंड्यांपासून पिल्लांपर्यंत

आता दिवसांचा हिशेब पाहू. तापमान २७ अंशांच्या आसपास असेल तर क्रम साधारण असा असतो. एक-दोन दिवस इकडेतिकडे होतातच.

पहिला दिवस : मादी घासून साफ केलेल्या जागेवरून पोट टेकवत जाते आणि ओळीने अंडी चिकटवते. मागोमाग नर जातो आणि ती फलित करतो. प्रत्येक अंडं बारीक धाग्यासारख्या देठाने दगडाला लटकलेलं असतं. भिंग घेऊन काचेबाहेरून बघा.

दुसरा ते पाचवा दिवस : एक मासा अंड्यांसमोर थांबून छातीच्या परांनी वारा घालतो, म्हणजे खरं तर पाणी घालतो. त्यामुळे अंड्यांना ताजं, ऑक्सिजन असलेलं पाणी मिळतं आणि घाण बसत नाही. दुसरा मासा पहारा देतो. थोड्या वेळाने पाळी बदलते. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. मासे ती वेचून टाकतात, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते.

पाचव्या दिवसाच्या सुमारास : अंडी फुटतात. पण पिल्लं पोहत नाहीत, नुसती शेपटी वळवळत पडून असतात. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, तेच त्यांचं जेवण. आई-बाबांनी वाळूत आधीच खड्डे केलेले असतात. ते पिल्लांना तोंडात घेऊन खड्ड्यात नेऊन ठेवतात आणि मधूनमधून एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवतात. हे बघून मुलं ओरडतात, 'खाल्लं, खाल्लं!' थांबायला सांगा. पुढच्या क्षणी मासा पिल्लाला बाहेर सोडतो.

नववा-दहावा दिवस : पिल्लं पोहू लागतात. सगळा थवा ढगासारखा आई-बाबांच्या भोवती फिरतो.

आता दोन गोष्टी फार लक्षपूर्वक पाहा. पहिली, पोटाखालचे काळे पर. धोका वाटला की आई किंवा बाबा हे पर झपझप उघडझाप करतात आणि पिल्लं त्यांच्याकडे गोळा होतात. आवाज नाही, शब्द नाही, नुसता काळ्या पराचा इशारा! माशांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांनी १९६०च्या दशकात याची नीट नोंद केली.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. पिल्लं आई-बाबांच्या अंगाला तोंड लावून झटकन बाजूला होतात. पुन्हा येतात, पुन्हा तेच. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो ती खात असतात. अमेरिकेतल्या वॉर्ड आणि बार्लो या अभ्यासकांनी १९६७ साली याच माशाच्या पिल्लांच्या या सवयीवर शोधनिबंध लिहिला. पिल्लांच्या काळात पालकांच्या कातडीतला हा बुळबुळीत थर बनवणाऱ्या पेशी वाढतात. 'मग हे दूधच झालं की!' असं एखादं मूल म्हणेल. दूध नाही, मासे सस्तन प्राणी नाहीत. पण दोघंही पालक आपल्या अंगातून पिल्लांना खाऊ घालतात, हे खरं. आणि इथे बाबाही मागे नाहीत, हेही वर्गात सांगायला हरकत नाही.

आपण द्यायचं अन्न

नुसत्या त्या थरावर पिल्लं वाढणार नाहीत. पोहायला लागल्या दिवसापासून आर्टेमियाची ताजी पिल्लं द्या. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या तळ्यांत राहणारा बारीक कोळंबीसारखा जीव. त्याची सुकी अंडी डबीत मिळतात.

एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, अर्धा चमचा अंडी, सतत हवा, उजेड आणि २७-२८ अंश तापमान. चोवीस ते छत्तीस तासांत बारीक नारिंगी ठिपके पोहताना दिसतात. मग हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरा, जीव उजेडाकडे जमतात. ते नळीने काढा, तलम कापडातून गाळा आणि साध्या पाण्यात धुऊन पिल्लांना घाला. टरफलं टाकू नका, पिल्लांच्या पोटात अडकतात.

दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की पुरे. उकडलेल्या अंड्याचा बलक काही जण घालतात, पण तो पाणी फार लवकर नासवतो. दोन आठवड्यांनी बारीक चुरलेलं कोरडं खाद्य सुरू करता येतं.

पिल्लं असताना रोज किंवा एक दिवसाआड दहा टक्के पाणी बदला. सलाईनच्या नळीसारखी बारीक नळी वापरा आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा, म्हणजे चुकून आलेलं पिल्लू दिसेल. नवं पाणी तेवढ्याच तापमानाचं आणि खारटपणाचं, हळूहळू घाला.

खोलीत रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा. मिट्ट काळोखात पालकांना पिल्लं गोळा करता येत नाहीत. टँकचा दिवा एकदम लावू-विझवू नका, त्याने जोडी दचकते.

आणि अंडीच नाहीशी झाली तर?

हे होणार, त्याची तयारी ठेवा. नव्या जोडीची पहिली एक-दोन खेपेची अंडी बरेचदा एका रात्रीत गायब होतात. आई-बाबांनीच खाल्लेली असतात. मुलांना याचं फार वाईट वाटतं, काही रडतातही. 'दुष्ट मासे' असं त्यांना म्हणू देऊ नका, आणि 'काही नाही झालं' असंही आपण म्हणू नका. कारणं शोधायला लावा. अंडी पांढरी पडली होती का? म्हणजे ती फलित झाली नसतील. कुणी काचेवर टकटक केली का? टँक हलवला का? दुसरा मासा आत होता का? जोडी अजून तरुण आहे का? पिल्लं वाचणार नाहीत असं वाटलं की मासा ती अंडी खाऊन आपली ताकद परत मिळवतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करतो. निसर्गात हे सर्रास घडतं.

अशा वेळी मोठ्यांचा हात शिवशिवतो. अंडी दगडासकट उचलून वेगळ्या भांड्यात ठेवावी, औषध घालावं, हवा लावावी. तशी पिल्लं वाढतातही, आर्टेमियावर जगतात. पण मग पराचा इशारा दिसत नाही, अंगावरून खाणं दिसत नाही, पाळीपाळीने राखण दिसत नाही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच राहून जातं. निदान तीन खेपा तरी जोडीला संधी द्या.

हस्तक्षेप कधी करायचा, तेही सांगतो. एक मासा दुसऱ्याला सतत मारत असेल, पर फाटले असतील, दुसरा कोपऱ्यात लपून खात नसेल, तर लगेच वेगळं करा. आणि साधारण दीड महिन्याने पालक पुन्हा दगड घासू लागले की मोठी पिल्लं दुसऱ्या टँकमध्ये हलवा. नव्या अंड्यांसाठी आता त्यांना हुसकावलं जाईल.

वर्गात आणि घरी काय करता येईल

नोंदवही ठेवा. एका वेळी एका मुलाकडे किंवा जोडीकडे पाच मिनिटं. टँकपासून दोन-तीन फूट लांब बसायचं, काचेला हात लावायचा नाही.

- रोज त्याच वेळी तापमान लिहा. आठवड्यातून एकदा सामू, अमोनिया, नायट्राइट.
- पाच मिनिटांत वारा घालायची पाळी किती वेळा बदलली? आईने जास्त वेळ घातला की बाबांनी?
- एका पिल्लाने एका मिनिटात पालकाच्या अंगाला किती वेळा तोंड लावलं? पहिल्या आठवड्यात आणि तिसऱ्या आठवड्यात फरक पडला का? त्याचा आलेख काढा.
- पिल्लं मोजायची कशी? फोटो काढा, त्यावर चौकटी आखा, एका चौकटीतली मोजा आणि अंदाज बांधा. नंतर दोन गटांचे अंदाज ताडून पाहा.
- मोठ्या मुलांसाठी चर्चा: रोहूची लाखो अंडी आणि राखण नाही, क्रोमाइडची दोनशे अंडी आणि रात्रंदिवस राखण. दोन्ही जाती टिकून आहेत. कुठल्या परिस्थितीत कुठली रीत फायद्याची?

या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलं वाद घालतील, घालू द्या.

शेवटी वेळेबद्दल. टँक लावल्यापासून पहिली पिल्लं पोहेपर्यंत सात-आठ महिने सहज जातात. म्हणून शाळेत हे करायचं तर जूनमध्येच टँक मांडा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण बदलणार, खाऊ कोण घालणार, याची नावं त्याच दिवशी फळ्यावर लिहा. घरी करणार असाल तर हेच काम मुलावर एकट्यावर टाकू नका. मोठा निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो. पिल्लांना मात्र एक दिवसही चालत नाही.

आणि हो, पिल्लं द्यायची वेळ येईल तेव्हा घेणाऱ्याला मासे पिशवीत घालून नुसते देऊ नका. मुलांच्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी सोबत द्या: पाणी कसं, मीठ किती, खाणं काय, आणि नदीत का सोडायचं नाही.